मी न पाहिलेला माझा कार्यक्रम

आमच्या बाहेरच्या खोलीतला टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, मरायला टेकलाय हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. आणि त्या खोलीत बसायची मुभा घरात फक्त मलाच नव्हती.

मुभा नव्हती म्हणजे दारावर कोणी पाटी लावली नव्हती. पण आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठाची लाज धरायची असते. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर दाराआडून जेठाणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायचं. जेठाणी जवळ नसली तर भिंतीला सांगायचं, जेठांना ऐकू जाईल अशा बेताने. "ताट वाढेल शे म्हना," असं मी लग्न झाल्यापासून त्या भिंतीला सांगत आले. भिंतीने कधी उलट उत्तर दिलं नाही, जेठांनीही दिलं नाही. ते उठून जेवायला यायचे, म्हणजे निरोप पोचला असं समजायचं.

तापीकाठच्या आमच्या गावात आता नव्या सुना स्कूटीवर शहाद्याला जातात आणि जेठाच्या मोबाईलमधले बिघाड त्यांच्या शेजारी बसून काढून देतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही आणि म्हणूही नये. माझ्या वाट्याला जुना कायदा आला तो तसाच राहिला. तो मोड असं मला कोणी म्हटलं नाही आणि तो पाळला म्हणून कोणी शाबासकीही दिली नाही.

टीव्ही बाहेरच्या खोलीत. टीव्हीसमोर जेठांची खुर्ची. रिमोट जेठांच्या मांडीवर. त्यामुळे मी आजवर जो काही टीव्ही पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, तिरका. सगळे नट-नट्या मला कायम बारीक आणि उभट दिसले. बातम्या सांगणारी बाई पाहुण्यांच्या घरी सरळ समोरून पाहिली तेव्हा ती चांगली अंगाने भरलेली निघाली.

तर अशा घरातली मी एकदा टीव्हीवर आले.

झालं असं, की आमच्या मिरचीच्या रोपांना दरवर्षी कोकडा यायचा. पानं आखडून गोळा होतात, रोप जागच्या जागी बसतं. पांढरी माशी तो रोग आणते हे मी कुठेतरी वाचलं होतं. माशीच आत गेली नाही तर रोग कुठून येईल, एवढा साधा हिशेब मी केला. घरातल्या जुन्या पातळ साड्या काढल्या, मशीनवर एकाला एक जोडल्या आणि बांबूच्या कमानी करून रोपांच्या वाफ्यांवर त्यांचं लांब आच्छादन घातलं. गावातल्या लोकांनी बांधावर उभं राहून भरपूर हसून घेतलं. मिरचीले लुगडं नेसाडं म्हणाले. त्या वर्षी आजूबाजूची रोपं आखडली आणि माझी ताठ उभी राहिली. मग हसणारेच साड्या मागायला आले.

कुठून तरी ही गोष्ट शेतीच्या कार्यक्रमवाल्यांपर्यंत गेली आणि ते कॅमेरा घेऊन शेतात आले. त्या दिवशी जेठ म्हसावदला लग्नाला गेले होते. नाहीतर मी शेतात गेलेच नसते. आधी माझा नवरा बोलला. आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. कार्यक्रम करणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने आच्छादनाची शिवण हातात धरली आणि विचारलं, "पण हे शिवलं कोणी?" नवऱ्याला माझ्याकडे बोट करावं लागलं. तिने माईक माझ्यापुढे धरला.

मी बोलले. खूप वेळ बोलले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही आणि हीच या सगळ्यातली खरी गोम आहे. मी भानावरच नव्हते. डोक्यावरचा पदर वाऱ्याने खाली आला होता आणि तो सावरायचं मला सुचलं नव्हतं, एवढं आठवतं. त्या मुलीने मान हलवत ऐकलं. मध्ये कोणी मला तोडलं नाही, मला भिंत शोधावी लागली नाही. असं बोलताना मी कशी दिसते, माझा आवाज कसा लागतो, हे मला कधीच माहीत नव्हतं. ते एकदा बघायचं होतं. एवढंच हवं होतं मला.

कार्यक्रम लागायचा त्या दिवशी नवऱ्याने सगळी गल्ली घरी बोलावली. चांगली गोष्ट आहे, माणसाने कौतुकाने बोलवावं. पण गल्ली आली की चहा आला, आणि नुसत्या चहावर कोणाला कसं पाठवायचं? आपलीच मिरची, आपलीच भजी, असं नवरा म्हणाला आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश झाला. जेठाणी बेसन कालवत होती, मी तळत होते. बाहेर माझा कार्यक्रम सुरू झाला.

मी दारात येऊन बघायला गेले तर दारात पुरुष उभे. शिवाय खोलीच्या मधोमध खुर्चीत जेठ. नवरा भज्यांचं ताट न्यायला आत आला आणि म्हणाला, "रेकॉर्ड लाई देल शे. तू मंग देखजो." त्या डब्याची हीच तर खुबी होती, चालू कार्यक्रम आत साठवून ठेवायचा आणि हवा तेव्हा दाखवायचा. मी मान डोलावली. जरा वेळाने तो परत आला. "भांडा हळू वाजाडा, भाऊले आयकू नही ई ऱ्हायनं." मी झारा हळू ठेवायला लागले. कढईला मात्र हळू चुरचुरायला सांगता येत नव्हतं.

मध्येच बाहेर सगळे खदखदून हसले. मी कढईसमोर उभी. मी काय बोलले असेन की हे हसले? चेष्टेने हसले की खुशीने? टाळ्याही वाजल्या. मग खुर्च्या सरकल्या, लोक मिशा पुसत निघून गेले आणि मी उष्टी ताटं गोळा केली. आपल्याच कार्यक्रमाची उष्टी ताटं.

नंतर बघू म्हणता म्हणता काय काय आडवं आलं ते सांगत बसत नाही. जेठ घरी असले की खुर्चीतून उठायचे ते झोपायलाच. ते शेतावर गेले की जेठाणी मालिका लावायची, आणि तिच्याही आयुष्यात दुसरं काय होतं म्हणून मी तिला उठवत नसे. मी नवऱ्याला एकदोनदा म्हटलं की एखाद्या दिवशी लावून द्या. "कोठे पळी चालना तो?" तो म्हणायचा. खरंच आहे, डब्यातून कार्यक्रम कुठे पळून जातो.

मग गेल्या उन्हाळ्यात जेठ आणि जेठाणी कुणाच्यातरी उत्तरकार्याला तापीवरच्या प्रकाशा गावाला गेले. नवरा शेतात. घरात मी एकटी. मी पदर खांद्यावर घेतला, बाहेरच्या खोलीत गेले आणि सोफ्याच्या कडेला बसले. मधोमध बसायला अजून धीर होत नव्हता. रिमोट उचलला. रेकॉर्डिंगच्या यादीत जेठांची कीर्तनं आणि कुस्त्या होत्या, मॅचेस होत्या आणि सगळ्यांच्या तळाशी माझा कार्यक्रम होता. मी बटण दाबलं.

संगीत वाजलं. आमचं शेत दिसलं. साड्यांचं आच्छादन दिसलं, त्यातली माझी निळी फुलाफुलांची साडी मी लगेच ओळखली. "चला, भेटूया यांना," असं ती मुलगी म्हणाली आणि चित्र अडकलं. सगळ्या पडद्यावर चौकोन चौकोन. डब्यातून टक टक असा आवाज यायला लागला, कोणी आतून नख मारतंय असा. मग डबा आपोआप बंद पडला आणि आपोआप चालू झाला. मी पुन्हा लावलं. पुन्हा शेत, पुन्हा निळी साडी, पुन्हा "भेटूया यांना", आणि टक टक. मी काही पडद्यावर येईना. तिसऱ्यांदा लावायला गेले तर डबा पार गोठला, कुठलंच बटण घेईना. मी बोर्डावरून बटण बंद केलं, रिमोट होता तिथे ठेवला आणि आत जाऊन भाजी चिरायला लागले.

डबा बिघडलाय हे मी कोणाला सांगणार? सांगितलं तर मी तिथे बसून काय करत होते हेही सांगावं लागलं असतं. म्हणून जेठांची साठवलेली कुस्ती अडकेपर्यंत मी गप्प राहिले.

ती अडकली आणि घरात हलकल्लोळ झाला. नवरा आधी गच्चीवर चढला. आमच्याकडे टीव्हीला काहीही झालं की डिशची छत्री फिरवायची असते. वरून तो ओरडतोय, "उनं का?" आणि खालून जेठ ओरडताहेत, "शेच ना चालू!" कारण चालू कार्यक्रम व्यवस्थितच दिसत होता. अडकत होतं ते फक्त साठवलेलं. मी भिंतीला सांगितलं, "छत्रीना काय संबंध म्हना, रेकॉर्ड करेलच तेवढं अडकस." भिंतीने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. छत्री इतकी फिरवली गेली की शेवटी चालू कार्यक्रमही दिसेनासा झाला, आणि ती जागेवर आणायला संध्याकाळ झाली.

मग सुरतेला नोकरीला असलेल्या माझ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने नवऱ्याला मोबाईल डब्याजवळ धरायला सांगितला, टक टक ऐकली आणि म्हणाला, "छत्रीना काय संबंध, पप्पा? रेकॉर्ड करेलच अडकस ना? डिस्क मरी ऱ्हायनी." नवऱ्याने आणि जेठांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. पोरगं हुशार आहे असं ठरलं. माझंच वाक्य सुरतेला जाऊन शहाणं होऊन आलं होतं.

मुलाने डब्यावरचा रुमाल काढायला सांगितला. जेठाणीने रुखवतातला मोत्यांचा रुमाल डब्यावर घातला होता, कारण उघडा डबा बरा दिसत नाही. आमच्याकडचा उन्हाळा आणि वर मोत्यांची गोधडी. नवऱ्याने डब्याला हात लावला तर तवा. अॅडॉप्टर कमजोर झाला असेल म्हणून शेजाऱ्यांचा आणून लावून पाहिला, काही फरक पडला नाही. मग नवऱ्याने कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली की डबा बदलून देऊ, जुना डबा आम्ही घेऊन जाऊ, आतलं रेकॉर्डिंग मात्र जाईल.

"जाऊ द्या," नवरा म्हणाला.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. जेठ तेव्हा दाराबाहेरच्या ओट्यावर होते म्हणून आले. "त्यामा मन्हा कार्यक्रम शे," मी म्हटलं.

"कोनता? तो? तो तर मी देखेल शे."

"मी नही देखेल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवीनच काही सांगते आहे. खरंच त्याच्या लक्षात नव्हतं. सगळ्या गल्लीने पाहिला, म्हणजे घरानेही पाहिला, म्हणजे मीही पाहिलाच असणार. माझा राग त्याच्यावर आजही आहे तो यासाठी. दुष्टपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी हट्ट धरला. कंपनीचा माणूस येऊ दिला नाही. डबा पिशवीत घातला आणि नवऱ्याबरोबर मीही शहाद्याला दुकानात गेले. दुकानदार मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, तोंडाने सतत काहीतरी बोलत असायचा. त्याने डब्याचं झाकण काढलं. आत धूळ आणि उदबत्तीची राख, कारण दसऱ्याला ट्रॅक्टर आणि मोटारीबरोबर आम्ही टीव्हीच्या डब्याचीही पूजा करतो. बाजूला कुंकवाचं बोट. डिस्क म्हणजे तळहाताएवढी लोखंडी डबी निघाली. ती त्याने सोडवून बाजूला ठेवली आणि नुसता डबा चालू केला. डबा झटकन चालू झाला. म्हणजे डबा ठणठणीत, दुखणं डिस्कचं.

मी विचारलं, आतला कार्यक्रम वाचेल का?

तो म्हणाला, वाचू शकेल. नवी डिस्क मागवायची, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं आणि नवी डब्यात बसवायची. डबा तोच राहिला तर रेकॉर्डिंग उघडेल. पण जुनी आता दमली आहे, सावकाश उतरवावं लागेल, एक-दोन दिवस मशीन चालू ठेवून. "ताई, आते हाई चालू करू नका. हाई आठेच ऱ्हाऊ द्या. डब्बा लई जा, टीव्ही दिसत ऱ्हाई." जेवढी फिरेल तेवढी खराब होईल, असं त्याने दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, ठेवा. नवरा म्हणाला, ठेवायची नाही.

हे समजायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. विहिरीची मोटर जळली की ती भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, दुकानात नेतात आणि मोटर भरून होईपर्यंत शेतकरी तिथून उठत नाही. जेवण घरून नेतो, चहा बाहेरून मागवतो, पण नजर मोटरीवर. उठला की तांब्याची तार जाऊन ॲल्युमिनियमची येते, असं सगळ्यांचं पक्कं मत आहे, आणि एकदा आमच्या बाबतीत ते खरंही झालं होतं. तेव्हापासून माझा नवरा कुठलीही वस्तू दुकानात सोडून येत नाही. मिक्सरचं भांडंसुद्धा नाही.

"मोटर भराले देस तव्हय बी मी दुकानमाईन हालत नही," तो म्हणाला. "जसं शे तसं मन्हा समोर फिट कर. नवी डिस्क उनी का फोन कर, मंग मी लई येस न् आठेच बठस."

"भाऊ, यामा तांबं नही शे," दुकानदार हसत म्हणाला.

"ठेवू द्या ना त्यांना," मी म्हटलं.

"तुले काय समजस त्यामा?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती शोकेसमधल्या चार्जरकडे बघायला लागली.

त्याने डिस्क पुन्हा डब्यात बसवून घेतली. एकेक स्क्रू आवळताना वाकून पाहिला. आम्ही काही न गमावता घरी आलो. मी डबा टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आणि नवऱ्याकडून कबूल करून घेतलं की नवी डिस्क येईपर्यंत तो लावायचा नाही. "नही लावत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पापडांचं पीठ मळत होते तेव्हा बाहेरून टीव्हीचा आवाज आला. मॅच होती. मी हात तसेच घेऊन उठले. नवरा अंगणात म्हशीला पाणी पाजत होता. "भाऊ इचारी ऱ्हायनात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "एक दिनमा काय व्हस?"

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. जेठ खुर्चीत. डबा जागेवर आणि त्यावर मोत्यांचा रुमाल. टक टक चालू होती. तेवढ्यात मॅच गेली आणि पडद्यावर एक पाटी आली. इंग्रजीत होती. मला इंग्रजी काही फारसं येत नाही, पण काही शब्द मोबाईलने सगळ्यांनाच शिकवले आहेत. डिस्कमध्ये अडचण आहे, फॉरमॅट करायची का, असं काहीतरी. जेठांनी ओके दाबलं. जेठ प्रत्येक पाटीला ओकेच दाबतात, कारण ओके दाबलं की पाटी जाते आणि मॅच येते. पाटी गेली आणि दुसरी आली. तिच्यात डिलीट हा शब्द होता, आणि खाली होय आणि नाही.

जेठाणी शेजारी गेली होती. नवरा म्हशीजवळ. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला सांगून निरोप पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा नव्हता. जेठांचा अंगठा बटणावर होता. त्यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नव्हता, कारण मी त्यांना कधी कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

"दाबू नका!" मी ओरडले.

जेठांनी वळून पाहिलं. आमची नजरानजर झाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. माझ्या हातांना पीठ, डोक्यावर पदर नाही. ते भूत बघितल्यासारखे बघत राहिले. मग आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी चटकन मान फिरवली, टीव्हीकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.

रागाने दाबलं, गोंधळून दाबलं की नेहमीच्या सवयीने, हे मला आजही कळलेलं नाही. मी खूप विचार केला आहे. कधी वाटतं, बिचाऱ्यांना काय ठाऊक. पण बहुतेक वेळा वाटतं की त्यांनी माझा शब्द ऐकला होता, तो स्पष्ट होता, आणि तो माझा होता म्हणूनच तो मोजायचा नव्हता.

पाटी गेली. मॅच आली.

त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते डिस्कबद्दल नव्हतं. ते माझ्या आवाजाबद्दल होतं. जेठांनी संध्याकाळी ताट परत पाठवलं. जेठाणी डोळ्याला पदर लावून बसली. नवरा मला खोलीत म्हणाला, "भाऊना समोर आवाज चढावा तू! आते भाऊ घरमा कसा बठतीन?" मी म्हटलं, जसे रोज बसतात तसे बसतील. मी विचारलं, माझा कार्यक्रम गेला त्याचं काय? तो म्हणाला, "त्याना काय संबंध?" त्या रात्री मीही जेवले नाही, पण का जेवली नाहीस असं मला कोणी विचारलं नाही.

नवी डिस्क आली. नवरा डबा घेऊन दुकानात गेला आणि काम होईपर्यंत जागचा हलला नाही. मीही गेले होते. दुकानदाराने जुनी डिस्क मशीनला लावून पाहिली आणि मान हलवली. सगळं पुसलं गेलं होतं, पुसल्यावर चालू मॅचही त्यावरच साठत राहिली होती, आणि डिस्क आता फिरायलाही कुरकुरत होती. नवऱ्याने नवी डिस्क डोळ्यांदेखत बसवून घेतली, जुनी खिशात घातली. तिच्यातलं काहीही चोरीला गेलं नव्हतं. मुलाने मोबाईलवर पुष्कळ शोधलं, वाहिनीला फोन लावले. तो कार्यक्रम बंद पडला होता आणि जुने भाग कोणी ठेवले नव्हते.

"आते डबल जागा शे," घरी येताना नवरा म्हणाला. "तुन्हा परत कार्यक्रम उना तं लाई दिसू." तो माझी समजूत घालत होता. मला त्याला मोटरसायकलवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

मग मी ठरवलं, मी मला दिसले नाही तर ज्यांना दिसले त्यांना विचारावं. सगळी गल्ली होती की समोर बसलेली. नवऱ्यालाच आधी विचारलं, मी काय बोलले होते? "चांगलं बोलनी व्हती." चांगलं म्हणजे काय? "तेच, मिरचीनं." जेठाणीला विचारलं. "मी तर तुन्हाजोडेच व्हतू व माय, चुल्हापान." खरंच की, तीही माझ्याबरोबर स्वयंपाकघरातच होती. तिने तिच्या जावेला टीव्हीवर पाहिलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

समोरच्या घरातले भाऊजी ओट्यावर बसले होते, त्यांना विचारलं. त्यांचा चेहरा फुलला. "भज्या एक नंबर व्हत्यात, वहिनी! तश्या भज्या मंग कधी खाद्यात नहीत."

"मधमा सगळा हासनात ना," मी म्हटलं. "मी काय म्हननू व्हतू?"

"ते व्हय! मन्हं तोंड भाजाई गयं व्हतं ना! गरम भजं तसंच तोंडमा टाकं. सगळा मन्हावर हासनात." आणि ते पुन्हा हसले.

एवढ्या दिवसांत त्या हसण्याचे मी किती अर्थ लावले होते! चांगले लावले, वाईट लावले. ते माझ्यावर नव्हतंच. मी तळलेल्या भज्यावर होतं.

आता फक्त जेठ राहिले होते. सगळ्यात पुढे, टीव्हीच्या अगदी समोर तेच बसले होते. लाज तर मोडलीच होती, ती काही पुन्हा सांधून मिळणार नव्हती. मी डोक्यावर पदर घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेले. मॅच चालू होती.

"मन्हा कार्यक्रम तुम्ही देखेल शे," मी त्यांना म्हटलं, भिंतीला नाही. "मी काय बोलनू व्हतू त्यामा?"

जेठ खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, उठून जातील. मग त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, आणि पडद्याकडे बघतच, पण माझ्याशी, बोलले. आवाजात राग नव्हता. खरं सांगायचं म्हणून सांगावं तसं सांगितलं.

"आयकू कोठे उनं? घरमा तुम्हना भांडा वाजी ऱ्हायंतात, कढई चुरचुरी ऱ्हायंती. धाकलाले मी सांगं बी, बाईस्ले सांग म्हनं, हळू वाजाडा. तरी काही आयकू नही उनं."

मी उभीच होते. मग सोफ्यावर बसले, कडेला नाही, मधोमध, त्यांच्यासमोर. त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. समोर मॅच चालू होती. सरळ बसल्यावर माणसं जशी असतात तशी दिसत होती, रुंद आणि पूर्ण. बघावं असं त्यात माझ्यासाठी काही नव्हतं.